आभाळातून आलेला वर्तमानकाळ

माणसं एकाच काळात जगतात म्हणजे नेमकं काय? घड्याळात एकच वेळ असणं, की एकाला कळलेलं दुसऱ्यापर्यंत पोचणं? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो, पण सोव्हिएत संघात तो अभियंत्यांच्या टेबलावर आला. अकरा कालपट्ट्यांचा देश, आणि त्यातला बराच भाग इतका उत्तरेला की विषुववृत्तावर स्थिर भासणारा उपग्रह तिथून क्षितिजाला टेकलेला दिसतो किंवा दिसतच नाही. म्हणून २३ एप्रिल १९६५ रोजी सोडलेल्या ‘मोल्निया-१’ला लांबट कक्षा दिली गेली. दक्षिणेला जमिनीपासून काहीशे किलोमीटरवरून त्याने भर्रकन निघून जायचं आणि उत्तरेवर सुमारे ४० हजार किलोमीटर उंच रेंगाळायचं. बारा तासांच्या फेरीतला बहुतेक वेळ तो उत्तरेवरच असे. १९६७च्या नोव्हेंबरात, क्रांतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ‘ऑर्बिता’ या दूरचित्रवाणी ग्रहण केंद्रांचं जाळं सुरू झालं. तिथल्या १२ मीटर व्यासाच्या तबकड्या हळूहळू मान वळवत उपग्रहाचा माग काढत. १९७६ साली आलेल्या ‘एक्रान’ उपग्रहाचा संदेश तर इतका जोरकस होता की सैबेरियातल्या छोट्या वस्तीलाही साधी अँटेना पुरे. मॉस्को बोलेल ते साऱ्या देशाच्या कानी पडावं, हा हेतू काही लपलेला नव्हता.

गंमत अशी की एकाच क्षणी सगळ्यांना दाखवण्याची सोय झाली, आणि मग ती बरीचशी बाजूला ठेवावी लागली. मॉस्कोत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा व्लादिवोस्तोकमध्ये पहाटेचे चार वाजलेले असतात. पहिल्या वाहिनीच्या काही तास सरकवलेल्या आवृत्त्या पूर्वेसाठी निघाल्या. चित्रमुद्रित कार्यक्रम आधी तिकडे दिसत आणि मग राजधानीत. यामुळे देश दुभंगला असं कुणाला वाटलं नाही. आपल्याकडेही तिथीचा हिशेब स्थानिक सूर्योदयावर असल्याने एकादशी पुण्यात एका दिवशी आणि लंडनमध्ये दुसऱ्या दिवशी येऊ शकते. त्याने उपास मोडत नाही. तेव्हा समान वर्तमानकाळाला एकच क्षण लागतो, हे म्हणणं टिकत नाही.

पण एकच क्षण साधला म्हणजे तो वर्तमानकाळ मिळाला, हेही खरं नाही. २६ एप्रिल १९८६च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ‘व्रेम्या’ या बातमीपत्रात त्याबद्दलचं त्रोटक निवेदन आलं २८ तारखेच्या रात्री, म्हणजे ६७ तास उलटल्यावर. स्थिर कक्षेतल्या उपग्रहामार्गे संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. तेवढा उशीर निसर्गाचा. बाकीचा सगळा माणसांनी ठरवलेला.

यावर कुणी म्हणेल, हा प्रश्न काळाचा नाहीच, खोटेपणाचा आहे. मला तसं वाटत नाही. निवेदनात अपघात झाल्याचं सांगितलं होतंच. लोकांकडून हिरावली गेली ती वेळ. खिडक्या लावून घेणं, मुलांना घरात ठेवणं, आयोडीनची गोळी देणं, दूध टाळणं या साऱ्याला मुदत असते, आणि गोळीची तर काही तासांचीच. मुदत संपल्यावर हाती आलेलं ज्ञान खरं असलं तरी ते ज्ञानाचं काम करत नाही. जो आधीच जाणतो आणि गप्प बसतो, तो इतरांना मागच्या काळात कोंडून ठेवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खातरजमा न करता बोललं असतं तर घबराट माजली असती. पण २७ तारखेच्या दुपारी अणुभट्टीजवळचं प्रिप्यात शहर बसगाड्यांतून रिकामं केलं गेलं होतं. अख्खं शहर हलवण्याइतकी खात्री ज्यांना झाली होती, त्यांना शेजारच्या गावांशी बोलण्याइतकी नव्हती, हे पटणं अवघड आहे. १ मे रोजी कीव्हमध्ये मिरवणूकही नेहमीसारखी निघाली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर या अपघाताविषयी देशाशी बोलले ते १४ मे रोजी. किरणोत्सारी आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं असतं. तोवर अशी दोन उलटून गेली होती.