‘होऊन’चा कर्ता

भिलाईतील मराठी घरात वाढणारे मूल दोन क्रिया एकत्र गुंफण्याच्या तीन तऱ्हा नकळत आत्मसात करते. आईशी बोलताना ते ‘जेवून गेला’ म्हणते, शाळेत ‘खाकर गया’ आणि शेजारच्या सवंगड्यांत छत्तीसगढी ‘खा के गिस’. प्रत्यय निराळे, परंतु टाका एकच: पहिली क्रिया काळ-पुरुषाचा भार उतरवून दुसरीच्या आश्रयाला जाते. कॉलिन मासिका यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, हा विशेष भारतीय भाषांपुरता मर्यादित नसून तुर्की आणि जपानीपर्यंत आढळतो, हे दाखविले. तुर्कीतील ‘गेलिप’ म्हणजे ‘येऊन’. मराठी कानाला मात्र हा धातू जाण्याचाच वाटणार!

पाणिनीने संस्कृतातील अशा रचनेस एक अट घातली आहे (३.४.२१). दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा आणि प्रत्यय आधीच्या क्रियेला लागावा. तुर्कीतही ‘-इप’ बहुधा एकाच कर्त्याच्या क्रिया जोडतो. कर्ता बदलायचा असल्यास ‘गेलिन्जे’, म्हणजे ‘आल्यावर’, असे दुसरे रूप हाताशी असते. १९५५च्या करारानंतर भिलाईत आलेल्या सोव्हिएत अभियंत्यांच्या रशियन भाषेत ही अट अधिकच कडक आहे. ती मोडली की कसा अनर्थ ओढवतो, याची गंमत चेखॉव्हने एका छोट्या कथेत रेल्वेस्थानकाच्या तक्रारवहीच्या निमित्ताने केली आहे. तेथील एका नोंदीत खिडकीबाहेरची निसर्गशोभा न्याहाळणारा प्रवासी नसून, व्याकरणदृष्ट्या, त्याची उडून गेलेली टोपीच ठरते.

ही अट वरवर पाहता केवळ शिस्तीची वाटते. वस्तुतः तिच्यात नीतिविचाराचे बीज आहे, कारण आधीचे आणि नंतरचे कृत्य ती एकाच माणसाच्या पदरी बांधते. ‘पाहून निघून गेला’ असे म्हटले की, आपण पाहिलेच नव्हते, असे म्हणण्याची सोय त्या माणसाला उरत नाही. हेतूचा निवाडा करणारे मराठीतील दोन नेहमीचे शब्दही याच प्रत्ययाने घडले आहेत: ‘जाणूनबुजून’ आणि ‘चुकून’. पहिल्यात दोष पुरता, दुसऱ्यात बव्हंशी क्षम्य. पण कर्ता दोहोंत हजर. चुकणाराही कोणीतरी असावाच लागतो.

‘होऊन’ची गोष्ट वेगळी आहे. ‘अतिवृष्टी होऊन पिके बुडाली’ या वाक्यात मराठी समान कर्त्याची अट सोडून देते आणि ते उचितच आहे. पावसाला जाब विचारता येत नाही. परंतु पावसासाठी दिलेली ही सवलत यंत्रशाळेतही शिरते. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला. ‘पंपगृहात बिघाड होऊन, पाण्याचा दाब कमी होऊन, झोतभट्टीचा विषारी वायू पसरून सहा जण मृत्युमुखी पडले’, असे त्या दिवसाचे वर्णन मराठीत सहज करता येते. त्यातील एकही दुवा खोटा नाही. तरीही माणसांनी उभारलेली आणि माणसांनीच राखावयाची यंत्रे येथे ढगांच्या पंक्तीला जाऊन बसतात. मरणारे सहा जण मोजता येतात. त्यांच्या आधीच्या क्रियांना मात्र धनीच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी कोणाला तरी कर्त्याच्या जागी बसविणे हा त्या माणसावर अन्याय होईल. तोवर ‘होऊन’ हेच प्रामाणिक रूप. दोषी शोधण्याच्या घाईत एखाद्या साध्या पंपचालकाला वाक्याच्या अग्रभागी आणून उभे करणे, ही भाषेने केलेली दुसरी दुर्घटनाच म्हणावी लागेल. किंबहुना मोठ्या कारखान्यात कर्ता एक नसतोच. देखभाल पुढे ढकलणारा, इशाऱ्याची नोंद करणारा आणि ती वाचणारा हे तिघे वेगवेगळे असू शकतात, आणि एकाच कर्त्याची मागणी करणारा ‘-ऊन’ तेथे अपुरा पडतो.

अशा वेळी उपयोगी पडते ते ‘-ल्यावर’, तुर्कीतील ‘-इन्जे’चे मराठी भावंड. त्याला कर्ता बदललेला चालतो. ‘दाब कमी होऊन वायू पसरला’ हे वाक्य तिथेच पुरे होते. ‘दाब कमी झाल्यावर’ एवढेच लिहून लेखणी थांबविली, तर वाक्य अपुरे राहते आणि पुढच्या रिकाम्या जागेत कोणी काय केले, हे लिहावे लागते.