उभं राहणं हेही कर्म (अध्याय ४, श्लोक १८)



आज चौथ्या अध्यायातला १८ वा श्लोक. ज्यांचा पाठ आहे त्यांना माहीत आहे, हा जरा कोड्यात टाकणारा श्लोक आहे. करण्याच्या आत न-करणं ओळखायचं आणि न-करण्याच्या आत लपलेलं करणं ओळखायचं, याला भगवंत इथे बुद्धीची खूण मानतात. पहिला अर्धा भाग आपण प्रवचनांत भरपूर ऐकलेला असतो: सगळं करूनही मी कर्ता नाही. मला आज दुसऱ्या अर्ध्यावर थांबायचंय. काहीच न करण्यात कर्म कसं काय असेल?

इथे शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर माउली, दोघांनीही नावेचा दृष्टांत घेतलाय. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात, खरं तर पळत असते नाव. आचार्य त्याला आणखी एक जोड देतात. खूप लांबून चालत येणारा माणूस आपल्याला जागच्या जागी उभा असल्यासारखा वाटतो. तो चालतोय, फक्त आपल्याला दिसत नाहीये. आणि मग आचार्य मुद्द्यावर येतात. मी काही करत नाही, मी आपला गप्प सुखात बसलोय, असं समजणारासुद्धा कर्मच करतोय, कारण त्या गप्प बसण्यातही ‘मी’ शाबूत आहे.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस. स्क्रीनवर काही हलत नाही, पण टास्क मॅनेजर उघडला की दिसतं, बसलीये मेमरी खात. जिने सुरू केली ती व्यक्ती कंपनी सोडून कधीच गेलेली. पण प्रोसेस चालूच आहे, आणि बिल आज आपल्याला येतंय.

हा श्लोक घोळवताना मला एक नदी आठवत राहिली. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, एल्व्हा नावाची नदी आहे. लांबी जेमतेम ७० किलोमीटरच्या आसपास. ऑलिंपिक पर्वतात उगम, घनदाट जंगलातून उत्तरेला वाहत थेट समुद्राला मिळते. खोऱ्याचा बहुतेक भाग आज राष्ट्रीय उद्यानात आहे. म्हणजे वरती ना शहर, ना कारखाना, ना शेती. तरीही ही नदी शंभर वर्षं अर्धी मेलेली होती, कारण तिच्या वाटेत दोन भिंती उभ्या होत्या. खालचं एल्व्हा धरण, ३३ मीटर उंच, १९१३ मध्ये सुरू झालं. वरचं ग्लाइन्स कॅन्यन, ६४ मीटर, १९२७ मधलं. दोन्ही विजेसाठी. त्या विजेवर पोर्ट एंजलिस हे गाव आणि तिथल्या लाकडाच्या, कागदाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बांधणारे काही राक्षस नव्हते, त्या काळी याला सरळ प्रगती म्हणत, आणि अंधारात बसलेल्या गावाला दिवा मिळणं ही वाईट गोष्ट नाहीच.

एक गोष्ट मात्र तेव्हाही चुकीचीच होती. धरण बांधताना माशांना वर जायला वाट ठेवा, असा त्या राज्याचा कायदा १८९० पासून होता. खालच्या धरणात ती वाट ठेवलीच नाही. त्याऐवजी एक मत्स्यबीज केंद्र काढून दिलं आणि तेही काही वर्षांत बंद पडलं.

सॅमन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो, आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत, प्रवाहाविरुद्ध चढत येतो. पॅसिफिकमधले सॅमन अंडी घालून तिथेच मरतात. त्यांच्या शरीरात समुद्रात खाल्लेलं सगळं साठलेलं असतं. अस्वलं, गरुड, पाणपक्षी ते खातात, उरलेलं जमिनीत जातं आणि काठावरची झाडं ते शोषून घेतात. त्या झाडांच्या लाकडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो! म्हणजे जंगलाला वरून पाऊस मिळतो आणि खालून समुद्र मिळतो. तिसऱ्या अध्यायातलं यज्ञचक्र आपण मागे वाचलं होतं, जो घेतो पण चक्र पुढे फिरवत नाही त्याला भगवंत किती कडक शब्दांत बोलतात तेही पाहिलं होतं. मला तरी त्या चक्राचं याहून स्वच्छ चित्र दुसरं माहीत नाही.

आता त्या भिंतीकडे पुन्हा बघू. लांबून बघणाऱ्याला ती नुसती उभी आहे. हालत नाही, बोलत नाही. पण अंदाज असा आहे की धरणांआधी या नदीत वर्षाला सुमारे ४ लाख सॅमन परत येत. ते काही हजारांवर आले. डोंगरातून येणारी वाळू-खडी भिंतीमागे अडकली, दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साचला, आणि खाली नदीच्या मुखाशी किनारा झिजत गेला. हे १९१३ मध्ये एकदा घडून संपलेलं नाही. १९५० च्या एखाद्या मंगळवारी, जेव्हा धरणावरचा माणूस डबा खाऊन डुलकी काढत असेल, तेव्हाही भिंत मासे अडवत होती, गाळ अडवत होती. अकर्मातलं कर्म म्हणतात ते हे.

मग कर्ता कोण? काँक्रीटला तर संकल्प नसतो, आणि बांधणारे केव्हाच गेले. इथे मला एक तपशील फार बोलका वाटतो. ग्लाइन्स कॅन्यनचा परवाना ५० वर्षांचा होता, तो १९७६ मध्ये संपला. त्यानंतर धरण एकेका वर्षाच्या परवान्यावर चालत राहिलं. दर वर्षी एक कागद. ‘आहे तसं राहू दे’ हा निर्णय दर वर्षी नव्याने घेतला जात होता, फक्त त्याला निर्णय म्हणायची कुणाला गरज वाटत नव्हती. धरण पाडणं हे कृत्य, त्याला पुरावे हवेत, पैसा हवा, संसदेचा कायदा हवा. धरण ठेवणं हे मात्र कृत्यच नाही, असं सगळे धरून चालले होते. आपली मोठी फसगत इथेच होते असं मला वाटतं. बदल करणाऱ्यालाच आपण हिशोब मागतो, चालू ठेवणाऱ्याला कधीच नाही.

हिशोब मागणारे लोक तिथे होतेच. नदीच्या मुखाशी राहणारे क्लॅलम, तिथले मूळ रहिवासी. १८५५ च्या करारात त्यांनी जमीन सोडली, पण मासे धरायचा हक्क राखून ठेवला होता. पुढे काय झालं तर हक्क कागदावर राहिला आणि मासे भिंतीखाली अडकले. आणखी एक गोष्ट पाण्याखाली गेली. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे निर्मात्याने त्यांच्या पूर्वजांना जिथे घडवलं, ती जागा याच नदीकाठी होती. खालच्या धरणाच्या जलाशयात ती बुडाली. म्हातारी माणसं नातवंडांना सांगत राहिली, तिथे आहे आपलं मूळ. बघायला मात्र नुसतं पाणी. आपल्यापैकी कुणाला पंढरपूर असं फक्त आजीच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर?

(काही शाकाहारी वाचक विचारतील, मासे धरणाऱ्यांची बाजू गीतेच्या पानावर कशाला. माझ्या मते, काहीच परत न देता सगळी नदीच गिळून टाकणाऱ्यापेक्षा, मासा धरून पहिल्या माशाचा मान ठेवणारा आणि पुढच्यांसाठी मासे राखणारा माणूस त्या यज्ञचक्राच्या जास्त जवळ आहे. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.)

१९८६ मध्ये या लोकांनी परवान्याच्या प्रक्रियेत रीतसर उडी घेतली. १९९२ मध्ये संसदेने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हायला २०११ चा सप्टेंबर उजाडला. खालचं धरण २०१२ च्या मार्चपर्यंत गेलं, वरच्याचा शेवटचा तुकडा २०१४ च्या ऑगस्टमध्ये उडवला. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर. २०१२ मध्ये पाणी उतरल्यावर क्लॅलम लोक त्या गाळातून चालत आपल्या जन्मस्थानापाशी गेले. म्हाताऱ्यांनी सांगितली होती तिथेच ती जागा होती.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, आणि खोटी. कारण पाडणं हेही कर्म आहे, आणि कुठलंच कर्म धुराशिवाय नसतं हे भगवंत १८ व्या अध्यायात सांगणारच आहेत. गाळ सुटला तेव्हा नदी चिखलासारखी वाहिली. मुखाजवळच्या समुद्रात प्रकाश कमी झाला आणि तिथली समुद्री शेवाळाची रानं विरळ झाली. पाणी उपसायच्या ठिकाणी गाळ अडकला म्हणून काम जवळजवळ वर्षभर थांबवावं लागलं. गावाला स्वच्छ पाणी मिळावं यासाठी शुद्धीकरणाची मोठी व्यवस्था आधीच उभारावी लागली होती, त्या खर्चाचा चांगला मोठा हिस्सा त्यातच गेला. मोकळी झालेली नदी पुढे पात्र बदलत सुटली, राष्ट्रीय उद्यानातले तंबू ठोकायचे तळ आणि एक रस्ता तिने वाहून नेला. आणि ज्यांचं सगळं बालपण त्या तळ्यांच्या काठी गेलं, त्यांचं तळं गेलंच की. त्यांचं दुःख खोटं कसं म्हणणार?

जे परत आलं तेही आपल्याला हवं तसं, हवं तेव्हा आलं नाही. तळ्यांच्या उघड्या पडलेल्या तळावर, सुमारे ८०० एकरांवर, स्थानिक झाडांची रोपं आणि बिया लावल्या. गाळात जुन्या प्रचंड झाडांचे बुंधे तसेच उभे सापडले, शंभर वर्षांपूर्वी कापलेले. काही मासे लगेच वर चढले. पण चिनुक या मोठ्या जातीचे परतणारे मासे अजूनही बरेचसे मत्स्यबीज केंद्रातलेच आहेत. ४ लाखांचा आकडा फार लांब आहे.

एक गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. स्टीलहेड नावाचा समुद्रात जाणारा मासा आणि रेनबो ट्राउट हा नदीतच राहणारा मासा, हे मुळात एकच. धरणांच्या वर अडकलेले मासे पिढ्यान्‌पिढ्या नदीतच राहिले. वाट मोकळी झाल्यावर उन्हाळ्यात परतणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले, आणि अभ्यासकांच्या मते ते बहुधा याच वर अडकलेल्या माशांचे वंशज आहेत. शंभर वर्षांत एकानेही समुद्र पाहिला नव्हता. संस्कार पुसला जात नाही, दबून राहतो, हे आपण साधकांच्या बाबतीत म्हणतो. माशाच्या बाबतीत ते इतकं शब्दशः खरं निघेल असं वाटलं नव्हतं.

मग काय, आपलीही धरणं पाडायची? लगेच असा प्रश्न येईल म्हणून सांगतो, मी तसं म्हणत नाहीये. पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, लाखो माणसं त्यावर जगतात. एल्व्हाच्या धरणांची गोष्ट वेगळी होती, त्यांची वीज शेवटी एका कागद कारखान्याच्या गरजेचा काही भाग भागवत होती आणि तेवढी वीज दुसरीकडून घेता येत होती. प्रत्येक भिंतीचा हिशोब वेगळा. पण हिशोब मांडायचा, हे तरी मान्य करू. मुळशीचं धरण होऊ नये म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तो लढवला. शेतकऱ्यांची भातखाचरं गेली, वीज मुंबईला आली. मी त्यानंतर जवळजवळ साठ-सत्तर वर्षांनी जन्मलो, मी कुणाचं शेत बुडवलं नाही. पण बटण दाबतो ते मीच ना? ‘मी काही केलं नाही’ हे वाक्य उच्चारायला फार सोपं आहे, आणि आचार्यांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलंय. अपराधी वाटून घ्या असं मी म्हणत नाही, त्याने कुणाचं खाचर परत येत नाही. आपल्या नावावर चालू असलेल्या प्रोसेस निदान उघडून बघाव्यात. जुनं भांडण, वडिलांनी तोडलेला संबंध, वापरात नसलेली पण दुसऱ्याला अडवणारी जमीन. तिथेही ‘राहू दे आहे तसं’ यावर आपणच दर वर्षी सही करत असतो.

शेवटी त्या क्लॅलम लोकांबद्दल एक सांगायचं राहिलं. २०११ मध्ये काम सुरू झालं तेव्हा नदीतली मासेमारी बंद करण्यात आली, माशांना पुन्हा वस्ती करायला वेळ मिळावा म्हणून. ज्यांनी या माशांसाठी इतकी वर्षं झगडा केला, ज्यांचा करारातला हक्क होता, त्यांनीही जाळी खाली ठेवली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोहो जातीच्या सॅमनची छोटीशी मासेमारी त्यांना करता आली, विधीपुरती आणि घरच्या खाण्यापुरती. मधल्या १२ वर्षांत त्यांच्यातली किती म्हातारी माणसं तो मासा न चाखता गेली असतील.

उद्या १९ वा श्लोक, संकल्प आणि कामना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥