पोच कोणाच्या नावाची?

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. छपरावरच्या डिशमधून निघालेला संदेश तिथवर चढून पुन्हा जमिनीवरच्या केंद्रात उतरायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे पाव सेकंद लागतो, आणि उत्तर यायला आणखी पाव. अमेरिकेत केबल न पोचलेल्या ज्या शेतवस्त्या अशा उपग्रहावर अवलंबून आहेत, तिथे घरातलं सगळं वाय-फाय या अर्ध्या सेकंदाच्या हिशोबाने चालतं. कितीही महागडा राउटर आणला तरी हा उशीर कमी होत नाही. अडचण अशी, की इंटरनेटवरचा पुष्कळ व्यवहार ज्या टीसीपी या नियमावलीवर उभा आहे, ती पोचेवर चालते. पाठवणारा आधी थोडी पॅकेटं सोडतो, पलीकडून ‘पोचलं’ असा निरोप आला की जास्त सोडतो. निरोपच उशिरा आला तर सगळंच रेंगाळतं. म्हणून उपग्रहाच्या मोडेममध्ये एक युक्ती बसवलेली असते. दूरच्या सर्व्हरची वाट न पाहता मोडेमच, त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून, घरातल्या संगणकाला ‘पोचलं’ असं कळवून टाकतो. तिकडे जमिनीवरच्या केंद्रातलं यंत्र घराच्या नावाने सर्व्हरला तेच सांगतं. अभियंते याला स्पूफिंग म्हणतात. आपला शब्द तोतयेगिरी. जे अजून पोचलेलंच नाही त्याची पोच देणं हे असत्य आहे का?

यंत्राला मन नाही, म्हणून त्याला सत्यासत्य लागू नाही, असं म्हणून सुटता येईल. पण मोडेम जे बोलतो ते कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेलं असतं, आणि शब्दाची विश्वासार्हता वक्त्यावरून जोखायची ही न्यायदर्शनाची शिकवण इथे नेमकी लागू पडते. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचं, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं अशा वक्त्याचं, लक्षण सांगताना दोन गोष्टी मागितल्या: वस्तूचं साक्षात ज्ञान, आणि ते जसं आहे तसं कळवण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच, असंही त्याने सांगितलं. मला ही त्या भाष्यातली फार मोठी जागा वाटते. या कसोटीवर मोडेम पहिल्याच पायरीला अडखळतो. सर्व्हरपर्यंत काय गेलं हे त्याला ठाऊकच नसतं. आपल्या स्मृतीत काय आलं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

मात्र पोच म्हणजे मुळात कशाची ग्वाही, हे आधी पाहायला हवं. टीसीपीचा १९८१चा मूळ दस्तऐवज याबाबत स्पष्ट आहे: पोच मिळाली म्हणजे मजकूर पलीकडच्या माणसाच्या हाती पडला असं नव्हे, पलीकडच्या यंत्रणेने तो पोचवण्याची जबाबदारी घेतली, एवढंच. म्हणजे पोच ही घडलेल्या गोष्टीची बातमी कमी आणि पत्करलेल्या भाराची कबुली जास्त. तशी ती असेल तर मोडेमचं ‘पोचलं’ पोकळ नाही. तो मजकुराची प्रत सांभाळतो, वाटेत काही हरवलं तर पुन्हा पाठवतो, पलीकडून खरी खूण येईपर्यंत सोडत नाही. भार तो खरोखरच उचलतो.

तरीही मन राजी होत नाही, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या रजिस्टर पत्रात सापडतं. त्या पत्राला दोन कागद असत: खिडकीवर मिळणारी पावती, आणि पत्र घेणाऱ्याची सही होऊन परत येणारी पोचपावती. टपाल कारकून पहिला कागद देई, दुसऱ्यावर सही करत नसे. मोडेम पहिल्या कागदाच्या जागी दुसरा देतो. त्यात फरक काय पडला? पोच मिळताच पाठवणारा संगणक आपल्याजवळची प्रत टाकून देतो. त्या क्षणी मोडेमची वीज गेली, तर तो मजकूर वाटेत कुठेच उरत नाही आणि पाठवणारा निर्धास्त असतो. अशा मध्यस्थांविषयी इंटरनेटच्या अभियंत्यांनी २००१ मध्ये जो दस्तऐवज काढला, त्यात हा धोका उघडपणे नोंदवला आहे. महाभारतातला प्रसंग आठवा: द्रोणांना ‘अश्वत्थामा मेला’ असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांच्या मुलाच्याच नावाचा, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. युधिष्ठिराचा शब्द वस्तुस्थितीला धरून होता, तरी त्याचा रथ जमिनीला टेकला, आणि त्या शब्दावर विसंबून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. ऐकणारा आपल्या शब्दावर विसंबून काय हातचं सोडतो, हेही सत्याच्या हिशोबात येतं. युधिष्ठिराचा शब्द खरा आणि हेतू फसवा. मोडेमचं काम इमानी आणि सही खोटी.

यावर उत्तर असं दिलं जातं, की सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांनी १९८४च्या निबंधात दाखवल्याप्रमाणे खरी खात्री दोन टोकांनीच एकमेकांशी करून घ्यायची असते. बँकेचा व्यवहार टीसीपीच्या पोचेवर कधीच पूर्ण होत नाही, तो बँकेच्या स्वतंत्र उत्तरावर होतो. मुद्दा बरोबर आहे. पण चूक पुढे कुठेतरी पकडली जाते म्हणून आधीची सही खरी ठरत नाही. मोडेम घेणाऱ्याने हे मान्यच केलेलं असतं, हा दुसरा बचावही अर्धाच आहे. ज्याचं नाव वापरलं त्या सर्व्हरला कोणी विचारलं?

२०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नव्या नियमावलीने हा वाद वेगळ्या अंगाने मिटवला. तिच्यात पोचसुद्धा कुलूपबंद असते, त्यामुळे मधल्या कोणाला ती वाचता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिताही येत नाही. खरेपणा वाढला, पण त्याची किंमत भूस्थिर उपग्रहावर अवलंबून असलेल्या घरांना मोजावी लागते: मोडेमचा मदतीचा हातही बाहेर राहतो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांना या युक्तीची फारशी गरज उरत नाही, उंचावरच्यांना आहे. त्यांच्यासाठी मध्यस्थ हटवण्याची गरज नाही, त्याने उघडपणे स्वतःच्या नावाने बोलावं: ‘मी मोडेम, तुझा मजकूर माझ्याकडे आला आहे, पुढे नेतो.’ एवढं कळलं तरी संगणक वाट न पाहता पुढचं पाठवू शकेल, आणि सर्व्हरची पोच येईपर्यंत आपली प्रत जपूनही ठेवील.