पीळ

दिवा मालवा. खिडकी मात्र पूर्ण लावू नका, आषाढ असला तरी बोटभर फट राहू द्या. रत्नागिरीत भाट्याच्या अंगानं वारा येतो, त्याला खाडीचा आणि भिजलेल्या सुरूंचा वास असतो. तो आत आला की आडवे व्हा. उताणे. उशी बाजूला सारलीत तरी चालेल.

आधी टाचा टेकल्यात का ते बघा. मग पोटऱ्या, माकडहाड, खवाटे, डोक्याची मागची बाजू. एवढ्याच चार-पाच ठिकाणी आपण खरे टेकलेले असतो, बाकीचं अंग त्यांच्या भरवशावर असतं. ध्यानाला बसणारे बहुधा श्वासामागं जातात. आज श्वासाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. आपण पाठीखाली उतरू.

वर चादर आहे, ती सोडून द्या. खोळीचं कापडही. त्याखाली जुन्या घरात कापूस असायचा. डोळे मिटूनच पिंजाऱ्याची धनुकली आठवून बघा: तातीवर दांडका पडला की ‘टण्ण’, आणि मग थरथरणारा लांब आवाज. ज्यांनी तो ऐकलाय त्यांच्या कानात तो अजून असेल. कोकणात सावरीचा कापूसही भरत. त्याचा तंतू इतका गुळगुळीत की त्याचं सूत काही निघत नाही, म्हणून तो उशा-गाद्यांच्याच वाट्याला आला. पण इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कापसाची गादी श्रावणापर्यंत ओल धरून जड होते, आणि दसरा उलटेपर्यंत तिला नीट ऊन दिसत नाही. तो कुबट वास आठवला? आठवला असेल तर एक श्वास बाहेर सोडा आणि अजून खाली चला.

आता काथ्या. इथं वेळ घेऊ.

माळ्यावर टाकलेली एक जुनी काथ्याची गादी डोळ्यांपुढं आणा. तिचा कोपरा उसवलाय. तिथून एक तंतू ओढून घ्या. विटकरी, राठ, वितीपेक्षा थोडा आखूड. नीट बघा, तो सरळ नाही, स्प्रिंगसारखी वळणं आहेत त्याला. दोन चिमटींत धरून ताणा. सरळ झाला. एक चिमूट सोडा. गेला परत आपल्या वळणावर. पुन्हा ताणा, पुन्हा सोडा. मी हा चाळा केलाय, त्यात अर्धा तास सहज जातो.

नारळाच्या सोडणातून निघतो तेव्हा हा तंतू असा नसतो. त्याला आधी दोरात घट्ट पिळतात. पाणी किंवा वाफ देऊन तो पीळ मुरू देतात. मग अख्खा दोर उलगडून, विंचरून मोकळा करतात. दोर संपतो, वळण तंतूत राहतं. त्यावर रबराचा चीक फवारतात, थर वाळवतात, गरम साच्यात दाबून पक्का करतात, टायरच्या रबराला पक्कं करतात तसंच गंधक आणि उष्णता वापरून. युरोपात घोड्याचे केस असेच पिळून बैठकांत भरत, त्या मानानं आपला माड स्वस्त. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला टोचायला वापरतो. इथं त्याच खोडीवर तुमचं माकडहाड टेकलंय. जरा भार टाकून बघा. गादी थोडी दबते आणि परत उचलते.

या पिळावर एक कंपनी उभी राहिली, याच किनाऱ्यावर पण पुष्कळ खाली, मणिपालच्या पै घराण्यात. सिंडिकेट बँक आणि मणिपालची कॉलेजं उभी करणारं तेच घराणं. १९६२ साली रमेश पै यांनी रबर लावलेल्या काथ्याचा धंदा सुरू केला. त्यातून आलं ते ‘कर्लऑन’. मोठ्यानं म्हणून बघा, नावात कुरळेपणा ऐकू येतो. तेव्हा रत्नागिरीहून तिकडं रेल्वे जात नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. आता रत्नागिरीत बसलं की मणिपालशेजारच्या उडुपीला उतरता येतं.

आणि आपण? माड आपल्याकडंही होताच. भाट्यात १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. पण परसातला नारळ सोलला की सोडण जायचं न्हाणीच्या चुलीत. त्यावर पाणी मात्र फक्कड तापायचं, धुराचा वास लागलेलं. मला यात हळहळण्यासारखं वाटत नाही, त्या पाण्यानं अंघोळ केलेली आहे. तरी कधी कधी वाटतं, आपल्या चुलीत गेलं त्यातलं थोडं गादी होऊन आज पाठीखाली असतं.

अजून एक थर आहे, हल्लीच्या गाद्यांत तोच जास्त: फोम. पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं. भारतात शीला गौतम यांच्या ‘शीला फोम’नं १९७१ पासून त्यावर धंदा वाढवला, ‘स्लीपवेल’ त्यांचंच. पुढं शीलाबाई अलीगढच्या खासदार झाल्या. जुलै २०२३मध्ये त्याच शीला फोमनं कर्लऑनचा ९४ टक्क्यांहून जास्त हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, कंपनीची किंमत सुमारे २,१५० कोटी रुपये धरून. फोमनं काथ्या विकत घेतला. या वाक्यावर रेंगाळू नका, व्यापारात असं चालायचंच. फोममध्ये अंग रुततं, मला ते रुचत नाही, एवढंच सांगतो.

परत काथ्यावर या. या तंतूत लिग्निन भरपूर, म्हणून तो खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. अरबी समुद्रातली जुनी गलबतं खिळ्यांऐवजी याच काथ्यानं शिवलेली असत. फळीला फळी, भोकातून सुंभ ओवून. आता पाठीखालची गादी त्या गलबतांसारखीच हलकेच वर-खाली होतेय का? ते तुमच्या श्वासामुळं. आला शेवटी तो न बोलावता.

खवाटे सोडा. जबडा सोडा. पन्हळीचं पाणी पडतंय, पडू दे. चिमटीतला तंतू अजून तिथंच असेल तर मुद्दाम टाकू नका. झोपेत आपसूक सुटेल, सकाळी चादर झटकताना सापडेल. वळलेलाच.