पडणाऱ्या दातासाठी

‘पडणारच आहे ना तो? मग एवढा खटाटोप कशाला?’ ५ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेचा एक्स-रे समोर आला की हा प्रश्न दातांच्या डॉक्टरांना हमखास ऐकावा लागतो. वरवर तो खर्चाचा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन फार जुने प्रश्न आहेत. जे जाणारच आहे ते वाचवण्यात अर्थ असतो का? आणि ते वाचवण्यासाठी लहान मुलाला आज त्रास देण्याचा अधिकार मोठ्यांना कुठून येतो?

दुधाचे दात २०. त्यांतली मागची दाढ अडीच वर्षांच्या आसपास येते आणि १० ते १२ वर्षांच्या दरम्यान पडते. म्हणजे ५ वर्षांच्या मुलाला ती अजून पाच ते सात वर्षं लागणार असते. दुधाच्या दातावरचं एनॅमल कायमच्या दाताच्या मानाने पातळ, आतली नस मोठी. त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. ती वरच्या भागापुरतीच असेल तर डॉक्टर तेवढीच नस काढतात, मुळांतली जिवंत नस राहू देतात, तिच्यावर एमटीएसारखं औषध घालतात आणि वरून स्टीलची कॅप बसवतात. ही पल्पोटॉमी. संसर्ग मुळांत उतरला असेल तर सगळी नस काढून मुळं भरावी लागतात, ती पल्पेक्टॉमी.

मुळं कशाने भरायची, याचं उत्तर विचार करायला लावणारं आहे. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये गटापर्चा नावाचा पदार्थ भरतात, कारण तो टिकायला हवा असतो. दुधाच्या दाढेत तो सहसा वापरत नाहीत. खालचा कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताची मुळं विरघळत जातात, आणि आत भरलेलं औषधही त्यांच्याबरोबर विरघळावं लागतं. म्हणून झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलची, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पेस्ट घालतात. दात जाणार हे गृहीत धरूनच इथे त्याची काळजी घेतली जाते. नाशवंत आहे म्हणून सोडून द्या, हा निष्कर्ष आपल्याकडे फार सहज काढला जातो. या उपचारात त्याच गृहीतकावरून अगदी उलटं वागणं निघतं, आणि तेच अधिक खरं वाटतं.

पालकांना समजावताना डॉक्टर बहुधा पुढचं सांगतात. दाढ वेळेआधी काढली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, मधल्या दाताची जागा जाते, तो वाकडा येतो. संसर्ग तसाच राहिला तर खाली घडत असलेल्या दाताच्या एनॅमलवर डाग किंवा खड्डे राहू शकतात. हे सगळं खरं आहे. तरी या उत्तरात आजचं मूल कुठेच नाही. रात्री ठणक्याने उठणारं, भाकरीचा तुकडा एकाच बाजूने चावणारं मूल बारा वर्षांच्या कुणा मुलाची जागा राखण्यासाठी जन्माला आलेलं नसतं. त्याचं दुखणं आजचं आहे आणि पूर्ण आहे. दाढ वाचवण्याचं तेवढं कारण पुरेसं आहे.

त्रास आज सोसणारा आणि फायदा पुढे घेणारा, हे दोघे एकच आहेत का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात याच धाग्याचा संवाद आहे. पाठीवर पडून राहणारं तान्हं मूल आणि आजचा तू एकच का, असं नागसेन विचारतात. राजा म्हणतो, नाही, ते मूल वेगळं आणि मी वेगळा. त्यावर नागसेन त्याला अडवतात: मग तुला आई नाही, बाप नाही, गुरूही नाही, असं म्हणावं लागेल. तोच नाही आणि दुसराही नाही, असं ते रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या दाखल्याने पटवतात. पालकत्व याच सलगतेवर उभं असतं. आजच्या मुलाच्या वतीने उद्याचा निर्णय घेता येतो तो त्यामुळेच.

पण घेता येतो म्हणजे कसाही घेता येतो असं नव्हे. अशा वेळी कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय यांचा भेद पुढे केला जातो: आज कडू, पण हिताचं. मात्र त्यातला नचिकेत स्वतः मुलगाच होता, आणि यमाने देऊ केलेली सुखं त्याने स्वतः नाकारली. खुर्चीवर बसलेल्या मुलाचं श्रेय दुसरेच ठरवत असतात. भारतीय न्याय संहितेच्या २७व्या कलमानुसार १२ वर्षांखालील मुलासाठी, त्याच्या हिताच्या हेतूने, पालक संमती देऊ शकतात. दुधाच्या दातांचं जवळजवळ सगळं आयुष्य असं दुसऱ्याच्या संमतीवर जातं.

हित पाहिलं म्हणून सगळंच क्षम्य ठरत नाही, याचा दाखला बालदंतवैद्यकाच्याच इतिहासात आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत अमेरिकेत दीर्घकाळ मान्य होती. तिथल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने २००६ मध्ये ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. दुसरी वाट त्याआधीच सापडलेली होती. १९५९ मध्ये अॅडलस्टन यांनी मांडलेली पद्धत साधी आहे: काय करणार ते मुलाला त्याच्या भाषेत सांगायचं, बोटावर किंवा आरशात दाखवायचं, आणि मगच करायचं. भूल नीट चढू द्यायची. दुखलं तर डावा हात वर कर, असं मुलाला सांगतात. तो हात वर गेला की ड्रिल खरोखर थांबलं पाहिजे, मग बाहेर कितीही पेशंट बसलेले असोत.