इमला आणि मांडव

कोणत्याही समाजाची घडण समजून घ्यावयाची असेल, तर त्याच्या देवळांइतकेच त्याच्या नाचण्याच्या जागांकडेही पाहिले पाहिजे, असे मला वाटते. जर्मनीतील नेमबाज मंडळांचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मध्ययुगात नगराच्या तटावर पहारा देण्यासाठी निघालेली ही नागरिकांची पथके, संरक्षणाचे काम सरकारी फौजांकडे गेल्यावरही मोडली नाहीत. उंच खांबावर लाकडी पक्षी बसवावा, ज्याच्या गोळीने त्याचा अखेरचा तुकडा पडेल त्याला वर्षभर ‘राजा’ म्हणून मिरवावे आणि मग मंडळाच्या सभागृहात साऱ्या गावाने नाचावे, असा उत्सव खेडोपाडी रुजला. टेक्सासात जाऊन वसलेल्या जर्मनांनी तो रिवाज बरोबर नेला. १८४५ साली वसविलेल्या न्यू ब्राउनफेल्समध्ये चारच वर्षांनी नेमबाजांचे मंडळ निघाले. तेथल्याच कॅट स्प्रिंगच्या शेतकऱ्यांनी १८५६ मध्ये कृषिमंडळ स्थापिले आणि त्या मंडळाने १९०२ साली नृत्यासाठी बहुकोनी लाकडी इमला उभारला. अशा इमल्यांत आईबाप नाचत असत आणि लेकरे कडेला अंथरुणावर निजलेली असत.

बीड जिल्ह्यातील नेकनूरसारख्या गावात याचे सजातीय काही शोधू गेल्यास इमला सापडत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. जेथे जाहीर सभेलासुद्धा सरकारची आगाऊ मंजुरी लागे, तेथे बंदूकधारी नागरिकांचे मंडळ कोण निघू देणार? परंतु नेकनूर हे वारकरी कीर्तनकार बंकटस्वामी महाराजांचे गाव. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि हे जोगमहाराज तारुण्यात तालमीत अंग कसलेले मल्ल होते. तालीम आणि टाळ, बल आणि नृत्य यांचे जे सख्य जर्मनांनी एका छपराखाली बांधले, ते आपल्याकडे एका माणसाच्या देहात नांदले, आणि त्याच्या शिष्यांनी ते गावोगावच्या हरिनाम सप्ताहात नेले.

सप्ताहाचा मांडव निरखून पाहावा. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये विणेकरी, एका बाजूस मृदंग. चाल चढू लागली की पाऊल पुढे, पाऊल मागे, अशी पावली पडू लागते, आणि एरवी चार पावले टाकताना गुडघा धरणारे म्हातारे भान हरपून फुगडी घालतात. वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नाही, म्हणून रात्री दोनचा पहारा कोणाचा, पहाटे चारचा कोणाचा, हे आधीच ठरलेले असते. भाकरी घरोघरच्या, आमटी कढईतली, वर्गणी ऐपतीप्रमाणे. काल्याच्या कीर्तनानंतर मांडव उतरतो. वारकरी संत भगवानबाबांच्या परंपरेतील नारळी सप्ताहात तर मानाचा नारळ ज्या गावाला मिळेल, त्या गावाने पुढील वर्षीचा भार उचलावयाचा. आपले सभागृह असे गावोगाव फिरते.

भिंती नसल्यामुळे मांडवाला दार नसते, हा त्याचा मोठा गुण. भिंतीबरोबर कुलूप येते, आणि कुलुपाबरोबर आत कोण व बाहेर कोण याचे कायदे. २०१४ साली जर्मनीतील वेर्लजवळच्या एका गावात नेमबाजीत राजा ठरलेला गृहस्थ मुसलमान निघाला, तेव्हा मंडळांच्या महासंघाने ख्रिस्ती सदस्यत्वाच्या नियमावर बोट ठेवून हरकत घेतली. अखेर पद राहिले, पण वरच्या स्पर्धेचा मार्ग बंद झाला. हिंदू-मुसलमानांच्या संमिश्र वस्तीच्या आपल्या जिल्ह्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तथापि, टेक्सासच्या त्या इमल्यात नवरा-बायको हातात हात घेऊन नाचत होती, हे मला विसरता येत नाही. आपल्या मांडवात स्त्रिया बहुधा एका बाजूस बसून ऐकतात. मोल घेऊन नाचणाऱ्या स्त्रियांसाठी आपण जत्रेच्या कडेला तमाशाची राहुटी ठोकू दिली, त्यांच्या कलेवर खूश झालो आणि त्यांना गावाच्या छपराखाली कधी घेतले नाही. हा अन्याय मी क्षम्य मानीत नाही. घरच्या लेकीबाळींची फुगडी, त्यांचा झिम्मा, नागपंचमीला अंगणात किंवा झाडाखाली जागा मिळेल तेथे चालतो. शासकीय निधीतून बांधलेली सभागृहे आहेत, पण कित्येक ठिकाणी त्यांना कुलूपच असते, कारण त्यांच्या विटेत कोणाची वर्गणी नाही. सप्ताहाचा जमाखर्च वाचून दाखविताना शिल्लक उरलीच, तर तिच्यातून मारुतीच्या पाराशेजारी एक फरशी घालावी, सासरहून आलेल्या साऱ्या लेकींना, कोणत्याही वस्तीतल्या असोत, एका वेळी फेर धरता येईल एवढी.