खिडकीतून दिसणारी जत्रा

चित्र समोर घ्या. उभं, लाकडी ठशांनी छापलेलं. १८५७ सालचं, जपानी चित्रकार हिरोशिगेच्या एदो-मालिकेतलं. एदो म्हणजे आजचं टोकियो.

चित्र जत्रेचं आहे. पण जत्रा शोधू नका एवढ्यात.

आधी मांजर पाहा.

पांढरी मांजर. खिडकीच्या कट्ट्यावर, अंग आवरून बसलेली. ती आपल्याकडे पाहत नाही.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

तिचा पांढरा रंग हा रंग नाहीच. तो कागद आहे, कोरा ठेवलेला. सुरुवातीच्या प्रतींत तिच्या अंगाची गोलाई शाईविना, नुसत्या दाबानं उठवलेली आहे. मनातल्या मनात त्यावरून बोट फिरवा. हलकेच.

थांबा इथे. हवं तितकं.

आता ती पाहते तिकडे पाहा. खिडकीचे उभे गज. गजांपलीकडे संध्याकाळ. क्षितिजापाशी तांबूस, वर निळसर. ओल्या ठशावर हातानं रंग पुसत पुसत छापणारा हा उतार आणतो. प्रत्येक कागदासाठी पुन्हा. दूर फुजी पर्वत. पक्ष्यांचा थवा.

आणि खाली, एदोतल्या असाकुसाच्या भातखाचरांतून, जत्रेला निघालेल्या माणसांची रांग.

इतकी बारीक की चेहरे नाहीत. खांद्यांच्या वर काही तरी उंच धरलेलं. ती दंताळी आहेत, बांबूची, सजवलेली. अकराव्या महिन्यात, पंचांगातल्या कोंबड्याच्या दिवशी, देवळाबाहेर ती विकत घ्यायची. वर्षभराची बरकत त्यांनी ओढून आणायची.

रांगेवर नजर ठेवा. घाई नको.

आता नजर आत आणा. खोलीत.

जमिनीवर केसांत खोवायच्या काट्यांचा जुडगा. प्रत्येकाच्या टोकाला इवलंसं दंताळं. जत्रेतून कुणीतरी आणलेली भेट. कट्ट्यावर वाडगा आणि कापड. डाव्या कडेला घडीच्या पडद्याची नुसती किनार.

ही खोली योशिवाराची आहे. कलावंतिणींची वस्ती, भोवती खंदक. इथल्या बाईला मनात आलं म्हणून जत्रेला जाता येत नाही.

ती चित्रात नाही. पडद्यापलीकडे असेल, एकटी नसेल. जत्रेच्या दिवशी या वस्तीत गिऱ्हाइकांची गर्दी असे. मला हे चित्र सणाच्या सगळ्या चित्रांहून खरं वाटतं ते यासाठी. त्यात सण आहे, आणि सणाला न गेलेलं माणूसही आहे.

तिच्यासाठी काही करू नका. कीवही नको. नुसतं तिच्या बाजूला बसा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता कान द्या. देऊळ इथून जवळच आहे. दंताळ्याचा सौदा ठरला की विकणारे आणि घेणारे मिळून ठेक्यात टाळ्या वाजवतात. असाकुसात आजही, दर नोव्हेंबरात.

ऐका. टाळ्यांचा एक कडकडाट. मग दुसरा, दुसऱ्या दुकानापुढे. तिसरा.